मेहुण्याची डबी

साधी गोष्ट अवघड करून ठेवण्यात माझ्या मेहुण्याचा हात धरणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. मूळचा नामपूरचा, कांदेवाल्या घरातला. पण कांदा सोडून डीएनएच्या मागे लागला. डीएनएच्या लांब धाग्याला बारीक तुकड्यांचे टाके घातले, की त्याची आपोआप घडी पडून डबी होते म्हणे. तिच्यात औषध भरायचं आणि रोगट पेशीवरच्या दोन खुणा एकदम पटल्या तरच उघडेल असं कुलूप लावायचं. ही डबी डोळ्यांना दिसत नाही. मला तर तिच्यापायी त्याचे पांढरे झालेले केसच तेवढे दिसायचे.

न दिसणारी वस्तू पटवून द्यायला तो सापडेल त्या कागदाची डबी करायचा. लग्नपत्रिका, वीजबिल, भेळेचा कागद, काही सुटत नसे. दोन बाजू एकदम दाबल्या तरच ती उघडे. नाशिक रोडला आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा या विद्वानाने पेढे असल्या डब्यांत भरले. पाहुण्यांनी थोडी झटापट केली आणि डब्या टराटरा फाडल्या. फाडू नका, दाबा, असं विनवत हा घरभर फिरत होता. सासरे म्हणाले, "एवढा शिकना नि पुड्या बांधस?" त्या दिवशी मला सासरे पहिल्यांदा आवडले.

डबी न फाडता उघडायची ती एकटी माझी बायको, म्हणजे त्याची ताई. पुढे तिलाच कर्करोग झाला. द्वारका चौकातल्या गर्दीतून तिला रिक्षाने केमोला न्यायचो. ते औषध रोगाबरोबर केस, चव, झोप, सगळंच घेऊन जाई. मेहुणा शेजारी बसून कागद दुमडायचा आणि माझं डोकं फिरायचं. इतकी वर्षं डब्या करून उपयोग काय, असं मी त्याला तोंडावर विचारलं. त्याने हातातली घडी तेवढी पुरी केली. मग एकदा तिनेच विचारलं, "तुझं औषध माझ्यापर्यंत पोचेल का रे?"

आम्ही बाकीचे सगळे तिला बरी होशील म्हणत होतो. तासभर बोलल्याशिवाय न थांबणारा हा माणूस एवढंच म्हणाला, "नाही ताई. अजून उंदरांवरच चाललंय. तुझ्या वेळेला नाही व्हायचं."

त्याला घराबाहेर काढावंसं वाटलं मला. तिने मात्र त्याच्या हातातली डबी घेतली, दाबून उघडली, मिटून परत दिली. "करत राहा," म्हणाली.

तिच्या वर्षश्राद्धाला तो लाडू घेऊन आला, तेही डब्यांत. आता तरी पिशवीत आणायचे की नाही? जेवणं उरकल्यावर एका पाहुण्याने डबी उलटसुलट करून पाहिली आणि कोपरा धरून ओढला. मेहुणा काही बोलला नाही. मीच त्या पाहुण्याचा हात धरला.

"अहो, फाडू नका," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी दाबा."