सेहेचाळीस अंगठे

माझे मामा लिफ्ट दुरुस्त करतात, त्याला आता चाळीस वर्षं होतील. कुठल्याही इमारतीत गेले की आधी लिफ्टच्या छताकडे बघतात, मग दाराच्या फटीत बोट फिरवतात आणि मगच बटण दाबतात. मागे ताटकळलेली माणसं चुळबुळ करतात, पण मामांना त्याचं काही नाही. मामी म्हणते, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हाही आधी जिन्याचा कठडा हलवून बघितला, मग माझ्याकडे बघितलं."

अशा माणसाला इंटरनेट सापडल्यावर काय होणार? तीन वर्षांपूर्वी ते 'सहज विज्ञान' नावाच्या एका कट्ट्यावर जाऊन बसले आणि तिथलेच झाले. कट्टा म्हणजे एक साधी वेबसाइट. कोणीही विज्ञानाची, यंत्रांची बातमी आणून टाकावी आणि बाकीच्यांनी चहा पिता पिता ती सोलावी. एका मिनिटात चार्ज होणारी बॅटरी, पाणी सापडलेला ग्रह, मालकाचं बोलणं चोरून ऐकणारा फ्रीज, काय वाटेल ते. खरी नावं तिथे कोणी लावत नसे. मामांचं नाव 'ब्रेक'. त्यांनी मलाही ओढून नेलं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, म्हणून मी 'भिंग' झाले. कट्टा चालवणारे गृहस्थ औषधांचे दुकानदार होते, त्यांना सगळे गोळीवाले म्हणायचे.

गोळीवाल्यांनी पानाच्या डोक्यावर नियम लिहून ठेवले होते. निकाल तीनच: खरं, अर्धवट, थाप. निकाल देणाऱ्यानं तपासून द्यायचा. आणि निकालाखाली कोणी अंगठा दिला तर त्याचा अर्थ 'मीही तपासलं'. सुरुवातीला लोक खरंच तपासत. पुढे मामांचे निकाल इतके बिनचूक येऊ लागले की मामा बोलले आणि अंगठे पडले, असंच सुरू झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चारशेच्या वर निकाल दिले असतील त्यांनी, एकही उलटला नव्हता. मग काय विचारता! घरात मामी म्हणाली, "भाजी जरा खारट झालीय का हो?" तर हे घास चावत म्हणणार, "अर्धवट."

कट्ट्यावर 'सुईदोरा' नावाच्या एक बाई होत्या. शाळेसमोर त्यांचं शिवणाचं दुकान होतं, मुलांचे गणवेश शिवायच्या. त्यांच्या छातीत पेसमेकर होता, हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र. पहिल्या दिवशी त्यांनी बिचकत विचारलं होतं, "शिलाई मशीनच्या मोटरनं माझं यंत्र बिघडेल का?" दुसऱ्या कोणी थट्टाच केली असती. मामांनी मात्र मोटर म्हणजे काय, चुंबक किती अंतरावर काय करतो, सगळं नीट समजावलं आणि शेवटी लिहिलं, "डॉक्टरांना एकदा विचाराच. पण मशीन पोटाशी धरून झोपला नाहीत म्हणजे झालं." त्या दिवसापासून बाई रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत कट्ट्यावर हजर असायच्या.

मग एका सोमवारी ती बातमी आली. एका ठरावीक बनावटीच्या पेसमेकरची बॅटरी वेळेआधी अचानक उतरते आहे, ज्यांना तो बसवलाय त्यांनी लगेच तपासून घ्यावं, अशी.

मामांची तपासायची एक रीत होती. आधी फोटो. थापाडे आळशी असतात, बातमी नवी शिजवतात पण फोटो जुनाच लावतात, हे त्यांचं लाडकं वाक्य. हा फोटो त्यांनी बघताक्षणी ओळखला. खिशात मोबाइल ठेवला की पेसमेकर बंद पडतो, अशी एक थाप त्यांनी दोन वर्षांपूर्वी पकडली होती, तिच्यावर हाच फोटो होता. चोर ओळखीचा निघाला म्हटल्यावर झडती कोण घेतो? बारा मिनिटांत निकाल पडला: "थाप. फोटो जुना, बातमी शिळी, फक्त भीती ताजी." वाक्य फक्कड होतं. अंगठे धडाधड पडले.

सुईदोरांनी खाली लिहिलं, "बरं झालं बाई. माझ्या यंत्राच्या कार्डावर हेच नाव आहे, म्हणून सकाळपासून घाबरले होते. हल्ली वाकलं की चक्कर येते, त्यामुळे बुधवारी तपासणीला जाणार होते. पण दोन बस बदलून जावं लागतं आणि गणवेशांचं काम अंगावर आलंय. आता रद्दच करते."

मामांनी उत्तर दिलं, "चक्कर मलाही येते, बायको भाजीचे भाव सांगते तेव्हा. शिवा निवांत." सगळे हसले. मीही हसले.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, मामांचा दुकानात फोन आला. "तू येऊ शकतेस का?" एवढंच म्हणाले. आजीच्या आजारपणातही मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. ते दोन रस्ते पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टच्या कामाला गेले होते. अपघात झाला, लिफ्टमध्ये सापडले, असं काय काय माझ्या डोक्यात आलं. मी मालकांना सांगून तशीच धावत सुटले.

मामा धडधाकट होते. तळमजल्यावर 'लिफ्ट बंद आहे' पाटीशेजारी, हत्यारांच्या पेटीवर बसले होते. दाराचा सेन्सर बघायला गुडघे टेकले, तेव्हा भिंतीवरचा कागद त्यांच्या डोळ्यांसमोर आला होता. त्यांनी बोट दाखवलं. मी वाचलं. खालील क्रमांकांचे पेसमेकर बसवलेल्या रुग्णांनी त्वरित हृदयविभागात यावे, बॅटरी अचानक बंद पडण्याची शक्यता आहे. तीच कंपनी, तेच नाव. खाली सही, शिक्का. तारीख मामांच्या निकालाच्या दोन दिवस आधीची.

"फोटो जुना होता," मामा म्हणाले. "फोटो खरंच जुना होता गं. पण बातमी खरी होती. मी फोटोच्या पुढे वाचलंच नाही."

"त्यांना कळवलंत का?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. सुईदोरांना तीन निरोप गेले होते, उत्तर एकाचंही नव्हतं. नावाखाली बारीक अक्षरात होतं: शेवटची भेट, तेरा दिवसांपूर्वी. रोज दुपारी येणारी बाई तेरा दिवस आली नव्हती आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

आम्ही काउंटरवर गेलो.

"रुग्णाचं नाव?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"सुईदोरा," मामा म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "काका, खरं नाव सांगा."

"ते माहीत नाही. शिवणकाम करतात. शाळेसमोर दुकान आहे. वाकलं की चक्कर येते त्यांना."

"कुठली शाळा?"

"तेही माहीत नाही."

"तुमचं नातं काय?"

मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "मी त्यांना सांगितलं होतं," ते म्हणाले, "घाबरू नका म्हणून."

बाईंचे हात कीबोर्डवर थांबले. रुग्णांची माहिती देता येत नाही, पत्रं निघाली आहेत पण ती हजारभर आहेत, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, "निरोप लिहून द्या. शिवणकाम करणारं कोणी सापडलं तर पोचवीन. बाकी माझ्या हातात काही नाही." मामांनी कामाच्या पावतीमागे चार ओळी लिहिल्या. ज्या माणसाच्या हातून बारीकातला बारीक स्क्रू पडत नाही, त्याचं अक्षर वाचवेना.

संध्याकाळी मामांनी कट्ट्यावर लिहिलं, "माझा निकाल चुकला. बातमी खरी आहे. ज्यांना हे यंत्र आहे त्यांनी आजच तपासून घ्या." काहींनी समजूत घातली, एकानं 'उंटावरचा शहाणा' म्हणून टोमणा मारला. गोळीवाल्यांकडे सुईदोरांचा फक्त ईमेल होता. त्यांनी दोनदा लिहून बघितलं, काही आलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मी रोज दुकानातून परस्पर मामांकडे जात होते. ते जेवायच्या टेबलाशी बसलेले असायचे, समोर फोन, आणि बोटानं पान खाली ओढून सोडायचे, ओढून सोडायचे. मामी म्हणायची, "अहो, चार घास तरी खा." ते खायचे, पण काय खाल्लं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शनिवारी ते शाळा शोधत फिरले. तीन शाळांसमोर शिवणाची दुकानं निघाली. दोन ठिकाणी पुरुष शिंपी होते. तिसरं दुकान बंद होतं, कुलपावर धूळ होती. शेजारीपाजारी विचारायचं सोडून मामा तसेच मागे फिरले. विचारायची भीती वाटली, असं त्यांनी मला सरळ सांगितलं.

"लिफ्टची वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो," ते त्या संध्याकाळी म्हणाले. "स्प्रिंगचा असतो तो. वीज असेपर्यंत उघडा राहतो आणि गेली की घट्ट आवळतो. माणूस असेल तिथे लटकतो, पण पडत नाही. मी चाळीस वर्षं लोकांना हेच सांगत आलोय, घाबरू नका, वीज गेली तरी पडणार नाही." मग फोन पालथा ठेवला. "त्यांच्या यंत्राची वीज गेली तर काय बसतं गं?"

मामी उठून आत गेली. भीती मलाही वाटत होती. मामांना वाटत होतं की मी त्यांच्या काळजीनं सुकत चाललेय. ते तेवढंच नव्हतं, पण माझी जीभ उचलत नव्हती.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी तिथेच होते. मामी कपडे वाळत घालत होती. फोन वाजला आणि मामा इतक्या झटकन उठले की खुर्ची मागे आपटली. सुईदोरांच्या नावावरून निरोप आला होता, पण लिहिलंय कोणी, त्यांनी की त्यांच्या मागे राहिलेल्या कोणी? "तू वाच," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी मोठ्यानं वाचलं.

"ब्रेकभाऊ, मी आहे. डावा हात उचलायचा नाही म्हणून एका बोटानं लिहितेय. त्याच आठवड्यात, गुरुवारी कापड बेतता बेतता खाली पडले. शाळेच्या शिपायानं उचलून इथे आणलं. यंत्र बदललं. पडताना डोक्याला मार लागला, म्हणून इतके दिवस इथेच आहे. फोन आज हातात मिळाला. काउंटरवरच्या बाईंनी तुमची चिठ्ठी आणून दिली. तुम्ही खाली लिफ्ट दुरुस्त करत होतात तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरच होते."

मामा भिंतीला टेकून खाली बसले. मामी ओला टॉवेल हातात घेऊन दारात आली, "आहेत ना? आहेत ना हो?" म्हणत रडायला लागली. मामा हसत होते की हुंदके देत होते ते कळत नव्हतं. मलाही सुटल्यासारखं झालं. मी खालचं वाचायच्या आधी डोळ्यांनी पुढे गेले आणि थांबले.

"वाच ना," मामा म्हणाले.

"जिवाला लावून घेऊ नका," मी वाचलं. "तुमच्या एकट्याच्या शब्दावर मी तपासणी रद्द केली नसती. माणूस चुकतो, मीसुद्धा कधी बाही उलटी लावते. पण खाली सेहेचाळीस अंगठे होते आणि नियम मी वाचला होता. म्हटलं, एवढ्या जणांनी तपासलंय."

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग कट्टा उघडून तो जुना निकाल काढला. "सेहेचाळीस जण," ते म्हणाले. "एवढ्यांतल्या एकालाही फोटोच्या पुढे काही दिसलं नाही?" त्यांनी अंगठ्यावर बोट दाबलं. नावांची यादी उघडली.

शेवटी दिलेला अंगठा यादीत वर होता, पहिला तळाशी. मामा बिघाडाची नोंद वाचतात तसं एकेका नावाखाली बोट धरून वाचायला लागले. मोठ्यानं, सावकाश.

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. तो सोमवार मला चांगला आठवत होता. चाक फिरत होतं, मी कोणाची तरी काच घासत होते, फोन डावीकडे ठेवलेला. मामांचं ते फक्कड वाक्य आलं, मला हसू फुटलं आणि मी ओल्या अंगठ्यानंच अंगठा दिला. बातमी उघडलीही नाही. मिनिटभरही गेलं नव्हतं. माझ्या आधी तिथे कोणीच नव्हतं.

वीस नावं झाली. तीस झाली. मामीनं पंखा लावला. चाळीस झाली. मध्येच काहीतरी बोलून फोन मागून घ्यावा, असं मला वाटत राहिलं, पण हात हलला नाही. मामांचं बोट तळाशी आलं आणि थांबलं.

"भिंग," त्यांनी वाचलं.

मग चष्मा काढला, मीच बनवून दिलेला, आणि माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर मी सोसलं असतं. पण ते घाबरले होते.

"तू काय तपासलं होतंस गं?" त्यांनी विचारलं.