मुळेकाठची चिलापी आणि आमचा कॉड

आमच्या ह्यांनी इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावात अकरा वर्षं मासे तळले. तेवढी वर्षं मी विश्रांतवाडीत एकटी मुलगी वाढवत होते, पण त्यावर बोलायला लागले तर हा ब्लॉग पुरायचा नाही. परत आल्यावर त्यांनी जे येतं तेच केलं. लहानसा गाळा घेतला, दोन मोठ्या कढया घेतल्या आणि बटाट्याचे जाड काप व पिठात बुडवून तळलेला कॉड मासा विकायला सुरुवात केली. कॉड आपल्याकडे मिळत नाही, बाहेरून गोठवलेला येतो. पहिलं वर्ष बरं गेलं. मग कॉडचा भाव असा चढला की खाणाऱ्यांनी पाठ फिरवली आणि ह्यांनी घरात बोलणं सोडलं.

त्यात एका कंपनीच्या कॅन्टीनचा ठेकेदार भेटला. रोज शंभर प्लेट घेतो म्हणाला, पण स्वस्तात. मासा कुठलाही चालेल, फक्त पांढराशुभ्र हवा, काटा नको आणि वास नको. मंगळवारी चव बघायला येणार होता. हे काम मिळालं तर गाळा ठेवायचा, नाहीतर महिनाअखेर सोडून द्यायचा, असं आमचं ठरलं. तळ्यातला स्वस्त पंगस मासा आधीच करून पाहिला होता. तळला की आतून पाणी सोडतो आणि वरचं आवरण मऊ पडतं. शेवटी मीच म्हटलं, "माझ्या माहेरी मुळा धरण आहे, त्यात चिलापी आहे. चला." ते नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. मी ते हो धरलं.

जानेवारीतल्या रविवारी पहाटे पाचला आमची जुनी अल्टो निघाली. तुम्ही जाणार असाल तर पाचच्या पुढे जाऊ नका, वाघोली आणि शिक्रापूर तुमचा जीव काढतील. शिरूरला उजाडलं. सुप्याजवळ, जिथून पारनेरचा फाटा फुटतो, तिथे एका टपरीवर चहा आणि गरम भजी घेतली. दोघांचे मिळून शंभर रुपये पण झाले नाहीत. थंडी चांगलीच होती. हे चहाचा ग्लास हातात धरून शेतांकडे बघत बसले आणि चहा गार करून टाकला. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "काही नाही." हे उत्तर मी गेलं वर्षभर ऐकतेय, आणि खरं सांगते, त्याचा मला वीट आलाय.

पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. नगरपासून राहुरीपर्यंतच्या रस्त्याबद्दल चांगलं बोलायला माझ्याकडे काही नाही. खड्डे, धूळ, आणि उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्त्याच्या मधून चाललेले. पाऊण तासाच्या वाटेला पावणेदोन तास लागले. धरणाखालच्या आमच्या गावात दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फाटकातच उभा होता. "जयभीम दाजी, लई वाळले तुमी," असं त्याने ह्यांना म्हटलं. मग मला म्हणाला, "सुमे, तू काय वाळली न्हाईस." भावाचं प्रेम हे असं.

धरणाच्या भिंतीखाली रस्त्याकडेला कमलमावशी मासे विकते. ती भोईवाड्यातली, मला लहानपणापासून ओळखणारी. तिचा नवरा आणि मुलगा संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटे काढतात. चिलापी शंभर-सव्वाशे रुपये किलो. कॉडपुढे हा भाव म्हणजे मला फुकटच वाटला. ह्यांनी टॉवेलात गुंडाळून आणलेली लांब, बारीक पात्याची सुरी काढली आणि मासा पाटावर ठेवून काट्याच्या कडेकडेने एका दमात अख्खी फाक सोडवली. कातडं काढलं. खाली निव्वळ पांढरं मांस. मावशी विळीवर मासे आडवे कापणारी, काट्यासकट. ती बघतच राहिली.

"एवढंच खायाचं?" तिने विचारलं. "मग मुंडकं? चव तर मुंडक्यात असती."

"ते लोक टाकून देतात, मावशी," हे म्हणाले.

"टाकून देत्यात," ती शेजारी बसलेल्या सुनेकडे बघून म्हणाली. तिला ते नीट पटलेलं नव्हतं. तीन किलो माशातून जेमतेम किलोभर फाका निघतात, हे तेव्हा आम्हाला कळलं. तरीही कॉडपेक्षा स्वस्तच पडत होतं.

दादाच्या अंगणात चुलीवर कढई ठेवली. मैदा, थोडं तांदळाचं पीठ, सोडा, गार पाणी. पहिला तुकडा ह्यांनी मोडला, वाफ आली, आतून पांढऱ्या पाकळ्या सुटल्या. त्यांनी खाल्लं. मग दुसरा घेतला. "जमेल," म्हणाले. एवढाच शब्द, पण मी मागे वळून डोळे पुसले, कारण हा आवाज मी ओळखत होते आणि तो पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. दादाने सहा तुकडे खाल्ले आणि वर म्हणाला, तिखट न्हाई, मीठ न्हाई, पण वंगाळ न्हाई.

दुपारी ह्यांनी मावशीला आणि तिच्या सुनेला फाक सोडवायला शिकवलं. किती धीराने, काय सांगू. मावशीचा हात धरून सुरी कशी आडवी न्यायची ते दाखवत होते. चार मासे वाया गेले, पाचवा जमला. मावशी म्हणाली, "सोमवारी गिऱ्हाईक कमीच असतंय. उद्याची जाळी सगळी तुमचीच, जावईबापू. तुमी झोपा, आमी करून ठिवतो." म्हणजे ठेका मिळाला असता तर दर आठवड्याला तिचंही बांधलेलं गिऱ्हाईक झालं असतं. सून तर हिशोब न करताच खूश होती.

सोमवारी नऊला आम्ही थर्माकोलच्या पेट्या आणि बर्फ घेऊन गेलो. मावशीने पातेल्यावरचा ओला फडका काढला. आत पंधरा किलो फाका, एकसारख्या, सुबक, एकही काटा नाही. आणि सगळ्या पिवळ्याजर्द.

"हळद-मीठ चोळून ठिवलंय," ती म्हणाली. "लांबचा पल्ला हाय. हळद न लावता परगावी कसा धाडायचा? गावच्या जावयाचा माल हाय त्यो."

मी बोट लावून पाहिलं, मिठाने पाणी सुटून मांस लिबलिबीत झालं होतं. हळद धुऊन जाणारी नव्हती, आणि दुसरा मासा आता उद्या पहाटेशिवाय मिळणार नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "छान केलंत, मावशी. इतका सुबक हात माझाही नाही." पैसे दिले, पेट्या भरल्या, पाया पडले.

राहुरीपासून शिरूरपर्यंत मी बोलत होते. काल सांगायला काय झालं होतं, आज तरी सांगायचं, निदान दोन किलो मासा साधा आणायला लावायचा, तिच्या घरी असेल, कुठे तरी असेल. मी फार वाईट बोलले. इंग्लंडात राहून अक्कल तिकडेच ठेवून आलात, इथपर्यंत गेले. ते मध्येमध्ये फक्त "पुढे खड्डा आहे" एवढंच म्हणत होते.

मंगळवारी ठेकेदार आला. ह्यांनी फाका धुतल्या, दुधात ठेवल्या, फडक्यात दाबून कोरड्या केल्या. पीठ नीट धरेना. तरीही तळल्या. त्याने तुकडा मोडला, आत बघितलं आणि विचारलं, "हे पिवळं का?" खाल्लं अर्धं. चव चांगली आहे म्हणाला, पण साहेब लोकांना शिळा वाटेल. कळवतो म्हणून गेला. त्याने मोटरसायकल सुरू केली तेव्हाच आम्हाला कळलं होतं की तो कळवणार नाही.

कढईखालचा गॅस बंद करून हे स्टुलावर बसले. मी पुन्हा सुरू करणार होते, पण त्यांनीच तोंड उघडलं.

"तिथे पहिल्या दिवशी मालकाने मला एक टब कॉड दिला. साफ करून ठेव म्हणाला. मी साफ केला, आणि घरून नेलेली हळद होती, ती मीठ घालून सगळ्याला चोळली. चांगलं काम दाखवायचं होतं मला. मालकाने सगळ्यांना बोलावून तो टब दाखवला आणि सगळ्यांसमोर कचऱ्यात ओतला. हसले सगळे. मी ते पैसे पगारातून फेडले, त्याचं काही नाही. पण मावशीच्या पातेल्यावरचा फडका निघाला तेव्हा मला तिचं तोंड दिसत होतं."

अकरा वर्षांत आठवड्यातून दोनदा फोन व्हायचा आमचा. ही गोष्ट ह्यांनी मला कधी सांगितली नव्हती. मी शिरूरपर्यंत जे जे बोलले होते ते सगळं मला परत ऐकू आलं, आणि मला माझीच लाज वाटली.

महिनाअखेर गाळा सोडला. हे आता दुसऱ्याच्या हॉटेलात कामाला जातात, तिथे मासा नाही. तुम्हाला मुळेकाठी जायचं असेल तर जरूर जा, चिलापी खरंच चांगली आहे, काट्यासकट घ्या आणि मुंडकं टाकू नका. आम्ही त्या पंधरा किलोतला निम्मा मासा शेजारीपाजारी वाटला आणि उरलेल्याचं आठवडाभर कालवण केलं. इतकं चांगलं कालवण माझ्या हातून आधी झालेलं नाही, आणि प्रत्येक घासाला रडू येत होतं.

मावशी दर शनिवारी ह्यांना फोन करते. किती ठिवू, विचारते. हे दर वेळी म्हणतात, या आठवड्यात नको, मावशी, अजून आहे. मागच्या शनिवारी हे कामावर जाताना मोबाईल घरी विसरले. फोन वाजला, तो मी घेतला. एकदाचं खरं सांगून टाकायचं, असं ठरवून घेतला.

"सुमन, जावईबापूंच्या गिऱ्हाइकाला आवडला ना गं मासा? सून रोज इचारती. आमी आता लई भरभर काढतो."

"आवडला," मी म्हटलं. "सगळ्यांना आवडला, मावशी."