पत्र्याखाली चालला पाहिजे

"चालवून दावा, मग बोला."

आमच्या बारामतीच्या स्टुडिओत ताईंचं हे वाक्य उठता-बसता कानावर पडायचं. टेबलफॅन आणला, चालवून दावा. कॅमेऱ्याची बॅटरी आणली, चालवून दावा. एकदा भाच्याला स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांपुढे मी "आमच्या पोराला स्वयंपाकही येतो" अशी फुशारकी मारत होतो. आतून आवाज आला, "करून दावा म्हणावं, मग बोला." अशी माणसं तुमच्याही बघण्यात असतील. त्यांच्यासमोर थापा मारायची सोय नसते.

ताई माझ्याकडं लग्नाच्या फिल्मचं मिक्सिंग करायच्या. तासन्‌तासांचं शूटिंग कापायचं, जोडायचं, गाणी बसवायची. पुढाऱ्यांच्या सत्कारावर त्यांची कात्री निर्दयपणे चाले. पण नवरीचा बाप मांडवाच्या खांबाला टेकून एकटा उभा असेल, तर तो तुकडा त्या कधी कापायच्या नाहीत. इंदापूरपासूनची माणसं आमच्याकडे येत ती त्यांच्या या नजरेसाठी, हे मी तरी नाकारणार नाही.

मग त्यांच्या गावी, पणदऱ्यात, सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. नवरा टेम्पोवर, दिवसभर बाहेर. घरी कुणीतरी हवंच होतं. आता ताई काम सोडणार, असं मी धरून चाललो होतो.

"दादा, चांगला दणकट लॅपटॉप घ्यायचाय," त्या म्हणाल्या. "आत्याबाईस्नी सोडायचं न्हाय, आन काम बी सोडायचं न्हाय."

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. स्टुडिओतला जुना लॅपटॉप त्यांनी तिथं नेऊन पाहिला होता. दुपारी तो तापून बंद पडे आणि ऊन उतरल्यावर शुद्धीवर येई. नवा घ्यायची ऐपत एकदाच होती. निवड चुकली की काम सुटलं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

एप्रिलातल्या एका दुपारी आम्ही बारामतीतल्या लॅपटॉपच्या मोठ्या दुकानात गेलो. आत एसीचा गारवा. सेल्समन प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड असं भराभर सांगत होता आणि मी सगळं कळल्यासारखी मान हलवत होतो. ताई एकेक लॅपटॉप भोपळ्यासारखा उचलून बघत होत्या. जड तो दणकट, असा त्यांचा हिशोब. मग त्यांनी पिशवीतून हार्ड डिस्क काढली, इंदापूरचं एक अख्खं लग्न असलेली, आणि ते प्रत्येकावर चालवून पाहिलं. सगळेच सुसाट पळाले.

"बघा मॅडम, किती फास्ट!"

"हितल्या गारव्यात कोन बी पळंल. भायेर चला."

"बाहेर कुठं?"

"त्या चहाच्या टपरीत. पत्रा हाय तितं."

दुकानाचे मालक आधी हसले, मग वॉरंटीवर बोलले, मग हात जोडू लागले. ताई जागच्या हलल्या नाहीत. "बैल घेताना औताला जुपून बघत्यात का न्हाय? ह्यो माजा बैलच हाय."

अखेर वायरचा बोर्ड टपरीपर्यंत ओढला गेला. टपरीवाला बिचारा स्टोव्ह विझवायला लागला, तर ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. माजी बी चूल असतीच की."

पहिला मान माझ्या पसंतीच्या, पातळ आणि देखण्या लॅपटॉपला. थोड्याच वेळात पडद्यावरची नवरी एक पाऊल टाकी आणि थांबे, टाकी आणि थांबे. चहा प्यायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "आरं, हिची सप्तपदी आज व्हायची का उद्या?" दुसरा ताईंच्या पसंतीचा, सगळ्यांत जड. त्याचा पंखा मळणीयंत्रासारखा घरघरला आणि ऐन मंगलाष्टकांत पडदा काळा झाला.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"दादा, न्हाईच चालला कुठला, तर?"

मीही घाबरलोच होतो. पण त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि सेल्समनकडं वळून म्हणाल्या, "अजून आना."

त्यानं तिसरा आणला. हा तो सुरुवातीपासून सुचवत होता, पण हलका म्हणून ताईंनी बाजूला सारला होता. त्या उकाड्यात लग्न लागलं, जेवणं झाली, नवरी रडत गाडीत बसली. मग ताईंनी सगळं जोडून शेवटची फिल्म तयार करायला लावली. आम्ही सगळे घामानं निथळत पडद्याकडं बघत राहिलो. फिल्म पुरी झाली. ताईंनी लॅपटॉपखाली तळहात लावला.

"तापतोय. पन दम धरतोय." मग सेल्समनला म्हणाल्या, "तुमचंच खरं झालं. घ्या, चा घ्या."

ताई पणदऱ्याला घरूनच स्वतःचं काम करू लागल्या आणि इकडं स्टुडिओ मला खायला उठू लागला. फुशारकी मारली तरी आतून कुणी टोकेना. मला त्यांची आठवण फार येई.

मे महिन्यात एका लग्नाचं शूटिंग घेऊन मी पणदऱ्याला गेलो. भर दुपार, दार उघडंच. लॅपटॉपपुढं ताई पाठमोऱ्या, शेजारी खाटेवर सासूबाई, नजर पडद्यावर.

"नवरीच्या आईला दाव की गं अजून. कवाची हुबी हाय बिचारी."

"व्हय, आत्याबाई." ताईंनी तो तुकडा वाढवला.

मी खोकलो. ताईंनी वळून पाहिलं. "दादा, ठिवा तितं. तुमच्या आधी दुसऱ्या दोन स्टुडिओवाल्यांचं हाय."

"अहो ताई, मी मालक होतो तुमचा!"

ताई हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. चालत्या हातानं त्यांनी मला कोपऱ्यातला पाट दाखवला.

"बस तितं गुमान. आमचं काम चाललंय."

मी बसलो.