फौजीच्या खांद्यावरचा पाइप

बंदूकवाले रखवालदार पुरवणाऱ्या एका एजन्सीच्या मालकानं मला फसवलं. बंदूक म्हणून त्यानं माझ्या गेटवर लाकडी दस्त्यात बसवलेला पाण्याचा पाइप उभा केला, आणि तो ज्याच्या हातात दिला त्या माणसाला त्यापायी गोळी लागली. हे मी सगळ्यात आधी सांगतो. पुढं माझ्याबद्दलही काही गोष्टी येणार आहेत, आणि त्या वाचताना मूळ चोर कोण हे कुणी विसरू नये.

मी भंगाराचा व्यापारी. चितेगावात पैठण रोडला लागून माझं यार्ड आहे. कारखान्यांतल्या जुन्या मशिनी, पत्रा, शाफ्ट, तांब्याची वायर, लिलावात निघेल ते घेतो. हातगाडीपासून सुरुवात केली आणि कुणी बोट धरून शिकवलं नाही. लोखंडाचा तुकडा हातोडीनं वाजवला की ओतीव बीड आहे की पोलाद, हे मी डोळे मिटून सांगतो. लिलावाला आलेला माणूस किती वर जाईल, हे त्याच्या चपलेवरून ओळखतो. घासाघीस अंगात इतकी मुरलेली की मी डॉक्टरकडंसुद्धा टाके कमी करून मागितले, असं बायको चारचौघांत सांगते. ते खरं आहे.

काही वर्षांपूर्वी एक माणूस माझ्या ऑफिसात आला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. बसला, चहा मागितला, आणि खिशातून गावठी कट्टा काढून वजनाच्या पावत्यांवर ठेवला. जसा आपण मोबाइल ठेवतो तसा.

"पुढच्या लिलावाला येऊ नका, शेठ. ऊन लई आहे, तब्येत सांभाळा."

चहा संपवून, कप बाजूला सारून तो गेला. मी लिलावाला गेलो, माल घेतला. पण त्या दिवसापासून गेटवर कुणाची मोटारसायकल थांबली की माझा हात आपोआप ड्रॉवरकडं जायचा, आणि ड्रॉवरमध्ये पावत्यांशिवाय काहीच नसायचं.

तक्रार दिली. बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. फोटो, दाखले, डॉक्टरचं पत्र, जिवाला धोका असल्याचं कारण, सगळं जोडलं. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. दर खेपेला एक कागद कमी निघायचा. कचेरीबाहेरच्या झाडाखाली उभं राहून मी हिशोब करायचो, की त्या इस्त्रीवाल्याला त्याचा कट्टा मिळायला किती टेबलं लागली असतील. माझ्या मेव्हण्याला मात्र हे सगळं पटलेलं. "दाजी, तुमचा राग बघून तुम्हाला बंदूक न देणारा साहेब शहाणा आहे," तो म्हणायचा. मी चिडायचो. मग तो म्हणायचा, "बघा."

शेवटी मी एजन्सीकडून बंदूकवाला घेतला. असे रखवालदार बहुतेक निवृत्त सैनिक असतात. बंदूक त्यांची स्वतःची, परवाना त्यांच्या नावावर. एजन्सी फक्त माणूस पाठवते आणि मधलं खाते. माझ्याकडं आलेला माणूस खुलताबादकडच्या एका वाडीतला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सगळे त्याला फौजी म्हणायचे, मीही. खाकी कपडे, पांढऱ्या मिशा आणि बारा बोअरची एकनळी. निवृत्त झाल्यावर वाट्याची मेंढरं विकून त्यानं ती घेतली होती.

पहिल्याच दिवशी मी हात पुढं केला. "बघू जरा, वजनाला कशी आहे?"

"नाय शेठ," तो दोन पावलं मागं सरला. "हत्यार ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात."

मला ते आवडलं. माझ्या यार्डात मला नाही म्हणणारा तो पहिलाच. तो जेवताना बंदूक मांडीवर आडवी ठेवायचा, नळीचं तोंड भिंतीकडं. यार्डात गॅस कटर चालवणारे चाचा त्याला डिवचायचे, "फौजी, कभी चलाके तो दिखाओ. हमारे कान भी सुनें." फौजी म्हणायचा, "चालवायला लागली नाय म्हणूनच तुमी डबा खाताय, चाचा." इस्त्रीवाला पुन्हा फिरकला नाही. मला झोप लागू लागली.

मग निवडणूक लागली. आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बँकेच्या रखवालदारांना सूट मिळते, भंगारवाल्याला कोण देणार? हे मला ठाऊक होतं. पेपरात आलं होतं, आणि तो पेपर मी वाचला होता. एजन्सीच्या मालकाचा फोन आला.

"शेठ, फौजीची बंदूक आज जमा झाली. निकाल लागेपर्यंत काठीवाला देतो. दर कमी लावतो."

"काठ्या माझ्या यार्डात ढिगानं पडल्यात. मला गेटवर बंदूक दिसली पाहिजे. नाहीतर ठेका मोडला समज. तुझ्यासारख्या छप्पन एजन्स्या आहेत."

"शेठ, कायदा आहे."

"कायदा तू बघ. मला काय सांगतो?"

तो म्हणाला, "बरं. करतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजी आला, खांद्याला बंदूक. मी खूष झालो. लिलावाच्या रांगेत चौघांना सांगितलं, की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात आणि माझा माणूस बघा कसा गेटवर उभा आहे. बंदूक कुठून आली, हे मी विचारलं नाही. घासाघिशीत जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत.

फौजी मात्र बदलला. आधी गेटकडं तोंड करून बसायचा, आता लिंबाखाली रस्त्याकडं पाठ करून उभा राहायचा. बंदूक जमिनीवर टेकवून, नळीच्या तोंडावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. मेंढका काठीवर रेलून मेंढरं बघतो, अगदी तसा.

"अहो फौजी, नळीवर हनुवटी काय ठेवता? उडाली म्हणजे?"

"नाय उडत, शेठ," तो म्हणाला. हसला नाही.

मी आत जाऊन वजनकाट्यावरची गाडी मोजून घेतली. आयुष्यभर हत्यार वागवलेला माणूस नळीवर हनुवटी ठेवील का? चपलेवरून माणूस ओळखणाऱ्या मला हे ओळखता आलं नाही. ओळखायचं नव्हतं, असंच म्हणतो आता.

एका दुपारी, जेवणं होऊन काम पुन्हा सुरू झालं होतं तेव्हा, मोटारसायकलवर दोघं आले. तोंडाला रुमाल. त्या आठवड्यात एका मोठ्या कारखान्याचा लिलाव होता, तेवढ्यावरून ते कशासाठी आलेत हे मला कळलं. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. मागचा उतरला आणि "शेठ कुठंय?" एवढंच म्हणाला. फौजीनं वळून मान वर केली. खरं तर त्यानं बाजूला व्हायचं होतं. हातात काय आहे हे त्याला माहीत होतं. पण त्यानं ते खांद्याला लावलं, नेम धरला आणि फौजेतल्या आवाजात ओरडला, "मागं व्हा!"

त्या पोराला ती बंदूक खरी वाटली. त्यानं कमरेचा कट्टा काढला आणि घाबरून चालवला.

आवाज झाला, फौजी खाली बसला, आणि त्याच्या हातातलं ते काँक्रीटवर पडून घरंगळत गेलं. ठण्, ठण्, ठण्. पोकळ. मला लगेच कळलं, पाऊण इंची जीआय पाइप. फौजीचा उजवा दंड रक्तानं भिजलाय हे मला त्यानंतर दिसलं. आधी मी पाइपाचं माप ओळखलं, मग माणसाकडं बघितलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

ते दोघं पळाले. चाचा कटर टाकून धावत आले. पागोटं सोडून त्यांनी फौजीचा दंड आवळला. मग तो पाइप उचलून आत बोट घातलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू तो मीच बनवला होता.

"सेठ, ये क्या खड़ा किया था आपने?"

घाटी दवाखान्यात फौजीचा हात वाचला, पण बोटं मुठीत येत नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको खाटेशेजारी खाली बसली होती. मी विचारलं, "फौजी, मला सांगायचं तरी."

"एजन्सीत बोलावून हातात दिला, शेठ. म्हणलं, ह्ये काय? तर म्हणाले, घरी बसतो का ह्ये धरतो? शेठ बंदूकच पायजे म्हणतोय."

"तुम्ही सैन्यातला माणूस..."

"तेच ना." त्यानं तोंड फिरवलं.

त्याची बायको म्हणाली, "तुमी तवा हातात घिऊन बघायचं व्हतं ना, दादा. तुमाला तर लोखंड कळतंय म्हणत्यात."

पोलिसांत एजन्सीच्या मालकानं जबाब दिला, की हा माणूस त्या महिन्यात रजेवर होता. एजन्सीनं त्याला पाठवलंच नव्हतं. कामाच्या लोभानं त्यानं स्वतःच खोटी बंदूक बनवली असेल. रजेचा अर्जही दाखवला, खाली फौजीची सही. ती सही कोऱ्या कागदावर नोकरीला लागतानाच घेतलेली, पण हे सांगणार कोण? गोळी चालवणारं पोरगं सापडलं. कट्टा कुणाकडून घेतला, हे अजून कळलेलं नाही. आणि निवडणूक संपून सगळ्यांच्या बंदुका परत मिळाल्या, तेव्हा फौजीला कारणे दाखवा नोटीस आली. तुमचा परवाना रद्द का करू नये? परवाना गेला की बंदूक गेली, आणि बंदूक नसलेल्या, बोटं न मिटणाऱ्या फौजीला कोण ठेवणार? परवाना राहिला तर निदान मुलाच्या नावावर होण्यासाठी अर्ज तरी करता येईल. त्या घराची सगळी आशा तेवढ्या कागदावर आहे.

एजन्सीला ठाऊक होतं हे सिद्ध करणारी एकच गोष्ट होती, तो फोन. आणि फोनबद्दल मी माझ्या जबाबात काही बोललो नव्हतो. माझा वकील म्हणाला होता, "तुमचा स्वतःचा परवान्याचा अर्ज चालू आहे. आचारसंहितेत बंदूक मागितली असं लिहून देणार का?" मी नाही लिहिलं.

मी एजन्सीच्या मालकाकडं गेलो. त्यानं चहा मागवला.

"शेठ, तुमच्यासाठीच केलं ना? तुम्ही हट्टाला पेटला होता."

"मी बंदूक मागितली, पाइप नाही."

"मग बंदूक आणायची कुठून? सांगा ना तुम्हीच. कट्टा घेऊन देऊ का?" तो हसला. मग पुढं झुकला. "असं करू. फौजीला मी एका सोसायटीच्या गेटवर बसवतो, खुर्चीवर. हात नसला तरी चालतंय. तुम्ही ते फोनचं सोडून द्या."

आणि मी काय म्हणालो? "खुर्चीवर किती वर्षं? औषधाचं कोण बघणार?" सवयीनं. तोंडातून निघून गेलं. त्याचे डोळे चमकले, कारण भाव ठरायला लागला होता. मी एका माणसाच्या हाताचा सौदा करत बसलो होतो, आणि मला तो बऱ्यापैकी जमतही होता. मी उठलो. खुर्ची पडली की पाडली, आठवत नाही. कप मात्र मी पाडला.

तिथून सरळ ठाण्यात गेलो आणि पुरवणी जबाब दिला. फोन कधी आला, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं. पेपर वाचला होता, हेही. लिहून घेणारा हवालदार दोनदा थांबून म्हणाला, "शेठ, हे लिहू ना? तुमच्यावरच येईल." म्हटलं, लिही. माझा अर्ज गेला तर जाऊ दे. तेव्हापासून पुन्हा झोप लागत नाही. मोटारसायकल थांबली की उठून बसतो. पण त्या जबाबाची नक्कल फौजीच्या बायकोनं नोटिशीच्या उत्तराला जोडली आहे.

आता परवान्याच्या सुनावणीची तिसरी तारीख आहे. आधीच्या दोन्ही वेळा फौजी कचेरीतल्या बाकावर बसला, एका हातानं कागद धरून. एजन्सीचा मालक दोन्ही वेळा आला नाही. त्याच्या नावाची नोटीस अजून कुणी काढलेली नाही, आणि गावभर त्याचे काठीवाले, बंदूकवाले गेटागेटावर उभे आहेत. मी माझ्या वाट्याचं लिहून दिलंय. आता सुनावणीला त्या मालकाला बोलवा. फौजीच्या समोर, त्याच्या बायकोच्या समोर उभा करा आणि विचारा: तो पाइप कुठं कापला, दस्ता कुणाकडून बसवून घेतला, आणि असे आणखी किती जण हातात पाइप घेऊन आज कुणाच्या गेटवर उभे आहेत? त्याला याचं उत्तर द्यावंच लागेल. मी तिथं बसलेला असेन, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.