घरगुती सिलिंडर

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — सोपं नाही.

जबलपूरच्या रिछाई भागात माझा फराळाचा छोटा कारखाना आहे. चिवडा, चकली, शंकरपाळे. इथे मराठी घरं मोजकी, पण दिवाळीत चकली सगळ्यांनाच लागते. धंदा मी एकटीने उभा केला. तेल महागलं की पाकीट जरा हलकं करायचं, बाया कमी आल्या की स्वतः पिठात हात घालायचा — असा तो चालतो. त्याच हिशोबात मी भट्टीला घरगुती लाल सिलिंडर लावायची. धंद्याचं निळं महाग पडतं. कोणी तपासायला आलंच तर दाखवायला एक निळं कोपऱ्यात उभं असायचं. सगळेच करतात — हे मी स्वतःला किती वर्षं ऐकवलं?

नळीला चीर गेली होती. मला दिसली होती. नवी आणायची तर तेवढा वेळ भट्टी बंद, आणि दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर. उद्या बघू, म्हटलं.

त्या संध्याकाळी बाकीच्या बाया गेल्या होत्या. मी आणि मीरा, दोघीच. मीरा चकल्या तळायची. कारखान्यामागच्या वस्तीत राहायची, बडबडी, माझ्या हिंदीची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. नळीने पेट घेतला. तिचा उजवा हात, मान, कानापर्यंत.

ऑटोत ती कण्हत होती, आणि मी — मी कशाचा विचार करत होते? सिलिंडरचा. कारखान्याला सील लागेल, केस होईल. मी तिला म्हटलं, "पूछें तो घर में हुआ बोलना."

"घर में तो चूल्हा है, दीदी."

"तो चूल्हे से बोलना. खर्चा सब मैं दूँगी."

दवाखान्यात तिने तसंच सांगितलं. खर्च मी दिला, सगळा. लोक म्हणाले, आजकाल कोण करतं एवढं?

पण बाई घरी भाजली म्हटलं की डॉक्टर पोलिसांना कळवतात, आणि पोलीस नवऱ्याला उचलतात. हे मला सुचलंच नाही, असं लिहिणार होते. सुचलं होतं — ऑटोतच. तिचा नवरा दशरथ हातगाडीवर भाजी विकायचा, आणि प्यायचा. पिऊन गाणी म्हणतो नुसता, हात कधी उचलला नाही, असं तीच सांगायची. पण पिणारा नवरा आणि भाजलेली बायको — यापुढे कोण काय विचारतं? चौकीत त्याला बसवून ठेवलं, मारलं. मीराने घाबरून खरं सांगितलं. कोणाला पटलं नाही. नवऱ्याला वाचवते आहे, म्हणाले.

इथपर्यंत भीती होती, असं म्हणता येईल. पुढचं तसं नाही.

तिचा मोठा भाऊ त्यांच्या गावाहून, पनागरहून आला, आणि तिला घेऊन कारखान्यात आला. चपला बाहेर काढून आत आला. तोवर मी नळी बदलली होती, सगळी सिलिंडरं निळी केली होती. म्हणाला, "दीदी, आप बड़ी हैं, आप झूठ नहीं बोलेंगी. ये कहती है यहाँ जली. सच क्या है?" मीरा त्याच्या मागे उभी होती, पदराने मान झाकून. माझ्याकडे बघत होती — आता दीदी सांगेल, अशी.

घाई कसलीच नव्हती. विचार करायला पुरेसा वेळ होता.

"नहीं भैया," मी म्हटलं, "घर से जली हुई मेरे पास भागी आई थी. यहाँ कुछ नहीं हुआ."

त्याने मला हात जोडले. मीरा वळून बाहेर गेली.

तो तिला पनागरला घेऊन गेला, कायमचं. दशरथ चौकीतून सुटून तिला आणायला गेला, तर मेव्हण्यांनी त्याचा पाय मोडला. वस्तीत त्याच्याकडून कोणी भाजी घेईना, मग तो दिसेनासा झाला. कुठे गेला, मी विचारलं नाही.

कारखाना चालू आहे. यंदा दुसरी भट्टी घातली. मीरा भावाच्या शेतात भाजी खुडते, असं ऐकलं. पनागर इथून लांब नाही. मी गेलेले नाही.