देवरावकाकांना दिलेलं उत्तर

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही. माझ्या कादंबरीवर बोलायला मला कॉलेजांत बोलावतात. तिथे एखादी मुलगी हमखास विचारते, "मॅडम, ही नायिका तुम्हाला सुचली कशी?" आणि मी हसून काहीतरी सांगते. ते हसू आता सरावाचं झालं आहे. तुम्हाला मात्र खरं सांगते.

कादंबरी प्रेमाची आहे. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत वऱ्हाडातली एक मुलगी जाते. तिच्या शेतकरी बापाने आत्महत्या केलेली असते. बाप करायचा तसा गोळाभात ती तिथे रांधते, परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पुढे त्याच्याशीच तिचं लग्न होतं. लोक रडले. अमरावतीच्या एका वाचनालयात त्या पुस्तकासाठी नंबर लागायचे म्हणे — मी ते चारचौघांत मिरवलंही.

नायिका सुचली वगैरे काही नव्हती. ती माझी मैत्रीण होती, वैशाली. अमरावतीला बी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहिलो. तिचं घर धामणगावचं. आई सरकारी दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. त्यामुळे चूल वडिलांकडे. देवरावकाका एसटीत कंडक्टर होते. ड्युटीवरून आले की खाकी शर्ट खुंटीला अडकवायचे आणि बेसनाचे गोळे वळायला बसायचे. मी कितीदा तरी त्यांच्या हातचा गोळाभात खाल्ला आहे, वरून कढत तेलाची फोडणी घेऊन. वैशालीच्या हाताला चव होती ती त्यांची.

ती खरंच त्या स्पर्धेत गेली. ती वर्षं तुम्हाला आठवत असतील — पेपरात विदर्भ म्हटलं की एकाच प्रकारची बातमी. मुंबईत त्या कार्यक्रमाच्या एका बाईने तिला विचारलं, शेती आहे ना तुमची? घरात कुणी... म्हणजे वडील? वैशाली म्हणाली, वडील आहेत, मस्त आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काका? मामा? गावातलं कुणी? तेव्हा ती म्हणाली, "गावात झालं आहे. पण ते दुःख त्यांच्या पोरांचं आहे, माझं नाही."

चौथ्या भागात ती बाहेर पडली. मीठ जास्त पडलं होतं, असंच ती सांगते.

त्या बाईशी बोलून झाल्यावर ती सेटच्या मागे जाऊन बसली होती आणि स्वतःशीच पुटपुटली होती, माह्या बापाले माराले निघाले हे. कमरेचा माइक चालू आहे हे तिच्या ध्यानातच नव्हतं. माइक लावणारा मुलगा, संदेश, कानाला हेडफोन लावून होता. तो आला, त्याने माइक बंद केला आणि एवढंच म्हणाला, "हे फक्त मी ऐकलं." पुढच्या वर्षी धामणगावच्या बुद्धविहारात दोघांचं लग्न झालं. मी गेले होते.

हे सगळं तिने मला अकोल्यात, माझ्या घरी, तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. दोन दुपारी. आणि म्हणाली, कोणाले सांगू नको.

मी कुणाला सांगितलं नाही — मी लिहून काढलं.

बाप का मारला मी? प्रकाशकाने सुचवलं नव्हतं. बाप जिवंत ठेवून मी तीस-चाळीस पानं लिहिली, पण वाचताना माझाच गळा दाटेना. मग एका सकाळी मी त्याला मारलं आणि कादंबरी धावायला लागली. मुंबईच्या त्या बाईला दोनदा मागून जे मिळालं नाही, ते मी घरबसल्या घेतलं. संदेश मला फिका वाटला, म्हणून परीक्षक आणला. नायिकेला वजनदार आडनाव दिलं. घरातली बुद्धाची तसबीर काढली आणि अंगणात तुळस लावली. हे तरी कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. हात आपसूक तिकडे गेला.

पण लेखक असं करतात, असं तुम्ही म्हणाल. म्हणून त्यापुढचं सांगते.

पुस्तक आल्यावर वर्षभराने एका रविवारी देवरावकाका माझ्या दारात उभे. तेव्हा ते रिटायर झालेले. वाचनालयाच्या पुस्तकाला त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. चहा झाला. मग पुस्तक मांडीवर ठेवून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"बाई, मले काहून मारलं?"

रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते रागावले नव्हते. त्यांना कारण हवं होतं.

"वैशूनं अजून वाचलं नाही," ते म्हणाले. "तिले दाखवू का नको, ते तुमी सांगा. काही चुकलं असंल आमचं, तर तेही सांगा."

चुकलं असेल आमचं! मी काय करायला हवं होतं हे मला त्याच क्षणी कळत होतं. दोनच शब्द होते. पण मी म्हणाले — आवाज जरासुद्धा न हलता म्हणाले — "काका, ती वैशाली नाही. बाळापूरकडची एक मुलगी होती, तिची गोष्ट आहे. तिचे वडील खरंच गेले होते."

अशी कुणी मुलगी नव्हती. ती मी त्या क्षणी, त्यांच्या समोर बसून तयार केली.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. आणि मग ते शरमले. म्हणाले, "माफ करजा बाई. त्या पोरीवर एवढं बितलं, आन् मी आपलंच घेऊन बसलो." त्यांनी मला हात जोडले. मी ते जोडू दिले. जाताना विचारलं, त्या पोरीचं बरं चाललं आहे ना? मी म्हटलं, हो, बरं आहे.

चार वर्षांनी काका गेले, हृदयविकाराने. मी धामणगावला गेले. माणसं पांगल्यावर वैशाली माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बाबा त्या बाळापूरच्या पोरीची लय आठवण काढत. तिच्याकडं एकदा जाऊन येऊ म्हणत." मग म्हणाली, "मी पुस्तक निघालं तवाच वाचलं होतं. त्यांले बोलली नाही. त्यांनी तुह्यावर इश्वास ठेवला होता, तो काहून मोडू?"

मी मान खाली घातली. क्षमा मागितली का? नाही. तिने चहा आणून दिला, तो प्यायले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.

मागच्या वर्षी नवी आवृत्ती निघाली. प्रकाशकांनी विचारलं, काही दुरुस्ती, चार शब्दांची प्रस्तावना, काही घालायचं आहे का?

मी म्हटलं, नाही, आहे तसंच छापा.