मादलेनबाईंचा चहा

मादलेनबाईंनी चहा मागितला की आमच्याकडच्या बाया देवाचा धावा करायच्या. या फ्रेंच डॉक्टरीणबाई पांढरकवड्याच्या बाजूच्या गावांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन करायच्या. रक्त तपासून झालं की प्रत्येकाचा निकाल घरी जाऊन स्वतः सांगायच्या. निकाल चांगला असला तर फाटकातूनच ओरडायच्या, "बरं आहे वो!" आणि पुढच्या घरी. नसला तर आत येऊन खाली बसायच्या आणि म्हणायच्या, "आदी चहा मांड." चहा संपून समोरचं माणूस बोलतं होईपर्यंत त्या जागच्या हलायच्या नाहीत.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. मग बाई अंगणात दिसल्या की घरोघरचं दूध एकाएकी संपायला लागलं, जणू चहाच झाला नाही तर आजारही व्हायचा नाही. बाई हसायच्या नाहीत. "मंग काळा मांड," म्हणायच्या.

मी त्यांची नर्स, सगळीकडे बरोबर हिंडायचे. ही सवय कशी लागली ते त्यांनीच मला सांगितलं. पॅरिसच्या प्रयोगशाळेतून पहिल्यांदा इकडे आल्या, तेव्हा शिबिरात एका म्हातारीने हात मागे ओढून घेतला होता. "रक्त नेनारे लई आले. काय निंगालं ते सांगाले कोनी आलं नाई." त्यानंतर ज्याला निकाल सांगता येणार नाही, त्याचं रक्त त्यांनी कधी घेतलं नाही. काम रेंगाळलं. तिकडचे सोबती मोठमोठ्या खुर्च्यांवर बसले आणि बाई इथे धुळीत वऱ्हाडी शिकत राहिल्या. पॅरिसहून मोठ्या पदाचं बोलावणं आलं, तर म्हणाल्या, "जाऊ कशी? इथं लोकं वाट पाहून राह्यले." खरं सांगते, तेव्हा मला त्या वेड्याच वाटल्या होत्या.

मग एका दुपारी त्या आमच्याच घरी आल्या. माझं लग्न ठरलं होतं आणि नवऱ्या मुलाचं व माझं, दोघांचं रक्त तपासायला दिलं होतं. बाई चटईवर बसल्या, चहा मागितला. आई घाईघाईने म्हणाली, "दूध नाई जी."

"मंग काळा मांड."

सिकलसेलचा दोष दोघांच्याही रक्तात निघाला. आम्ही दोघं धडधाकट होतो, पण होणाऱ्या बाळाला आजार होण्याची भीती होती. आईने रडत विचारलं, "सोयरीक मोडनं लागते का?"

"ते मी नाई सांगनार. लग्न पोरीचं आहे. पन सुनीता, दिवस गेले की पयले मले सांगजो."

लग्न आम्ही केलं. दिवस गेले, तेव्हा नागपूरला पोटातल्या बाळाच्या तपासणीसाठी बाईच सोबत आल्या. निकालाच्या दिवशी मी दारात उभी होते. फाटकापाशी जीप थांबली आणि आवाज आला, "बरं आहे वो!"

"चहा तरी घ्या, बाई," मी रडत म्हणाले.

"आज नाई," म्हणाल्या आणि डोळे पुसत निघून गेल्या.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तशा बाई फ्रान्सला परतल्या. आता घरोघरी निकाल सांगायला मी जाते. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो आणि माझी लेक त्यांना शाळेतल्या गमती सांगत बसते. गेल्या रविवारी मात्र त्यांनी लेकीला बाजूला व्हायला सांगितलं. बाईंचा चेहरा पार उतरला होता.

"फोनवर सांगू नाई असं. पन तू लई दूर आहे. आज निकाल माहाच आहे. सुनीता, आदी चहा मांड."

मला रडू आवरेना. ओट्यावर दुधाचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.

"दूध नाही, बाई," मी म्हणाले.

या उत्तराला बाई पहिल्यांदाच हसल्या. "मंग काळा मांड."